सतरा बाय अकराच्या हॉलमध्ये बास कुठे जात होता

"पाव्हणं, आवाज सगळीकडनं येतोय, पण छातीवर काय आदळत नाही." एप्रिलमधल्या एका रात्री दाजींचा फोन आला तो असा.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, सिंगल स्क्रीनच्या पुढच्या रांगेत शिट्ट्या मारत वाढलेले. धायरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने होम थिएटर बसवून घेतलं. एक ५.१ रिसिव्हर (आवाज पाच स्पीकर आणि एका सबला वाटून देणारा डबा), टीव्हीच्या दोन बाजूंना उभे स्पीकर, मधे सेंटर, मागच्या बाजूला भिंतीवर दोन छोटे सराउंड, आणि टीव्ही युनिटच्या उजवीकडे १० इंची, १०० वॉटचा सबवूफर, म्हणजे सब, नुसता बास, अगदी खालचे जाडे सूर वाजवणारा. दुकानदाराचं निदान तयार होतं: सब लहान पडतोय, १२ इंची ३०० वॉटचा घ्या. कोटेशनचा कागद फ्रीजवर चुंबकाने अडकवलेला होता.

मी हा धंदा करत नाही. पण नात्यात आणि मित्रांत कुणाच्या घरचा आवाज बिघडला की माइक आणि लॅपटॉप घेऊन जायची खोड लागली आहे. दाजींना म्हटलं, रविवारी येतो, तोवर पैसे देऊ नका. तिप्पट वॉट म्हणजे तिप्पट आवाज नव्हे. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, तिप्पट केली तर ५ सुद्धा भरत नाहीत, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. मोठ्या सबचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा पुढचा पडदा, मोठा असतो, तो आणखी खालच्या सुरांपर्यंत उतरतो, हे खरं आहे. पण आहे तो सब काय करतोय हे न बघता त्याला काढून टाकणं मला पटत नव्हतं.

मागून ताईचा आवाज आला: "बास नाही काय म्हणताय! मला तर घूं घूं होऊन डोकं दुखतं." दाजी म्हणाले, तिचं सोडा. मी सोडलं नाही. एकाच सोफ्यावर बसून एकाला बास मिळत नाही आणि दुसरीला तो सोसत नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात कामाची माहिती होती. ती मला फोनवरच, फुकटात मिळाली होती.

आधी वायरी आणि सेटिंगा

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर दाजींनी त्यांचा ठरलेला मारामारीचा प्रसंग लावला. मी सबजवळ उकिडवा बसून पुढच्या जाळीवर तळवा ठेवला. काही नाही. कोन ढिम्म. दिवा लाल. म्हणजे सब झोपलेला होता. बऱ्याच सबना "ऑटो" नावाचा खटका असतो. सिग्नल आला की जागं व्हायचं, नाही आला की झोपायचं. आवाज हळू ठेवला की येणारा सिग्नल इतका बारीक असतो की साहेब उठतच नाहीत. खटका "ऑन"वर केला, दिवा हिरवा झाला, कोन थोडा हलायला लागला. दाजी म्हणाले, "झालं?" म्हटलं, आत्ता कुठे सुरुवात.

रिसिव्हरच्या डिस्प्लेवर "पीसीएम" अशी अक्षरं होती. पाचही स्पीकर वाजत होते, त्यामुळे दाजींची पक्की समजूत की आपण ५.१ ऐकतोय. प्रत्यक्षात टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवलेलं होतं. टीव्ही ५.१ चं आधी दोन चॅनेलमध्ये कडबोळं करायचा, आणि रिसिव्हर त्या दोनातून पुन्हा पाच बनवून वाजवायचा. या कडबोळ्यात एक गोष्ट सहसा फेकून दिली जाते, ती म्हणजे ५.१ मधला तो ".१". हा फक्त खालच्या आवाजांचा स्वतंत्र चॅनेल, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा). त्याला बाकीच्या चॅनेलपेक्षा १० डेसिबल जास्त वाव दिलेला असतो. संदर्भ पातळीवर, म्हणजे थिएटरसाठी ठरलेल्या आवाजावर, बाकी चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत, तर याची ११५ पर्यंत. स्फोट, गडगडाट, इमारत कोसळणं, हा सगळा ऐवज तिथे. दोन वर्षं दाजींच्या घरात तो टीव्हीच्या आतच टाकून दिला जात होता, आणि सबला मिळत होती ती उरलीसुरली आमटी.

टीव्हीचं सेटिंग बदलून बिटस्ट्रीमवर नेलं, म्हणजे ५.१ न उलगडता जसंच्या तसं रिसिव्हरकडे. टीव्ही आणि रिसिव्हर एआरसीच्या (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत नेणाऱ्या) एचडीएमआय केबलने जोडलेले होते हे नशीब. जुनी ऑप्टिकल केबल असती तर स्ट्रीमिंगवाल्यांचं डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून गेलं नसतं, साध्या डॉल्बी डिजिटलवर भागवावं लागलं असतं. डिस्प्लेवरची अक्षरं बदलली, तोच प्रसंग पुन्हा लावला आणि पहिल्यांदा शोकेसची काच किणकिणली.

इथे दाजी खूश झाले आणि कोटेशन फाडायला निघाले. पण गाणी लावली तर फरक शून्य. ते बरोबरच होतं. साध्या दोन चॅनेलच्या गाण्यात ".१" नसतोच. ढोलकी, बेस गिटार, सगळं मुख्य चॅनेलमध्येच असतं, आणि त्यातला खालचा भाग सबकडे पाठवायचं काम रिसिव्हरचं. रिसिव्हरच्या मेनूत गेलो तर पुढचे दोन्ही स्पीकर "लार्ज" म्हणून नोंदलेले. रिसिव्हर स्वतःच्या माइकने करतो ती स्वयंचलित मोजणी असली चूक बऱ्याचदा करते. उंचीला साडेतीन फूट असले तरी या स्पीकरांमध्ये वूफर होते ५ इंचांचे. लार्ज म्हणजे "सगळा बास मीच वाजवतो" असं कबूल करणं, आणि ५ इंची वूफर ४० हर्ट्झला काय वाजवणार? नुसताच थरथरणार. सगळे स्पीकर "स्मॉल" केले, पुढच्यांचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं सबकडे जातं ती सीमा, ८० हर्ट्झ, भिंतीवरच्या छोट्यांचा १२०. दाजींना "स्मॉल" शब्द लागला. "एवढे मोठे स्पीकर घेतले ते काय स्मॉल म्हणवून घ्यायला?" या शब्दाचा आकाराशी संबंध नाही हे पटवायला दहा मिनिटं गेली. ज्याने कुणी मेनूत हा शब्द घातला त्याने जगभरच्या घरांत भांडणं लावली आहेत.

मग सबची पाठ. तिथे धुळीचा थर, पालीची दोन अंडी, आणि क्रॉसओव्हरचं बटण ६० वर. म्हणजे रिसिव्हर ८० च्या खालचं सगळं सबकडे पाठवणार आणि सब ६० च्या वरचं अडवणार. मधला पट्टा कुणाचाच नाही. बटण शेवटपर्यंत फिरवलं. कुठे काय कापायचं हे एकाच ठिकाणी ठरावं, आणि ते रिसिव्हरमध्ये ठरावं.

डाव्या पुढच्या स्पीकरच्या मागे लाल वायर काळ्या टर्मिनलला होती. दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, त्यामुळे दोघांत सारखा असलेला ठेका एकमेकांतच जिरतो. दाजींचा विश्वास बसेना म्हणून रिसिव्हरच्या बाजूने वायरी सोडवल्या, घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल काढून त्यांना क्षणभर टेकवला. उजव्याचा वूफर टक करून बाहेर आला, डाव्याचा आत गेला. हा खेळ भाच्याने पुढे पाच-सहा वेळा करून बघितला.

शेवटी फेजचा खटका. ८० हर्ट्झचा एकच सूर लावला, ताईला सोफ्यावर बसवलं, मी सबमागे. ० वरून १८० वर. "आता कमी." परत. "आता जास्त." ज्या बाजूला जास्त, ती बाजू बरोबर. त्या सुरावर सब आणि पुढचे स्पीकर एकमेकांना हात देतात की पाय ओढतात एवढंच यात बघायचं असतं. यंत्र लागत नाही, पण ऐकणारा प्रामाणिक लागतो. दाजींना बसवलं तर त्यांना प्रत्येक वेळी जास्तच ऐकू येत होतं.

इथवर दोन तास गेले, खर्च शून्य. बास वाढला होता यात वाद नाही. आता ताई डावीकडच्या जागेवरून उठून स्वयंपाकघरात गेली, आणि दाजी मधल्या जागेवर बसून म्हणाले, "बरंच बरं आहे. पण अजून ते… दणका म्हणतात तो नाही."

परातीतलं पाणी

आता लॅपटॉप उघडला. यूमिक-१ नावाचा यूएसबी माइक आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. फोनमधलं डेसिबल अॅप खालच्या सुरांसाठी भरवशाचं नाही, फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि बऱ्याचदा खालचं कापूनच टाकतो. माइक दाजींच्या डोक्याच्या जागी स्टँडवर लावला. पंखा बंद. पुण्यातला एप्रिल, सगळे घामाघूम. पहिली मोजणी चालू असताना कुकरची शिट्टी झाली, ती वाया गेली. दुसरी नीट आली.

आलेख बघून दाजींना काही सांगायची गरज उरली नाही. ३३ हर्ट्झच्या आसपास एक खड्डा, शेजारपाजारपेक्षा १५ डेसिबल खोल. ५० च्या आसपास दुसरा, १२ चा. माइक डावीकडे, ताईच्या जागी सरकवला. ३३ चा खड्डा तिथेही होता, पण ५० वर खड्ड्याऐवजी टेंगूळ, ७ डेसिबलचं. दोघं गेली दोन वर्षं एकमेकांना खोटं ठरवत होती, आणि दोघंही खरं बोलत होती.

कारण खोलीत होतं. परातीत पाणी घेऊन परात आडवी हलवा. पाणी दोन्ही कडांना वर-खाली होतं, मधे मात्र जागच्या जागी राहतं. बंद खोलीतल्या हवेचंही तसंच. खोलीच्या दुप्पट लांबीची लाट असेल तर दोन भिंतींपाशी दाब भरपूर, बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणून सोपा हिशेब: ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. दाजींचा हॉल १७ बाय ११, उंची साडेनऊ. लांबीचा सूर ३३ हर्ट्झ, रुंदीचा ५१, उंचीचा ५९. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफ्याची पाठ डायनिंग टेबलाकडे, आणि टेपने मोजलं तर दाजींचे कान टीव्हीच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर. सतराचे निम्मे. आणि सोफ्याची मधली जागा म्हणजे रुंदीचाही मध्य. खोलीत कुठे बसू नये असा एक बिंदू शोधायचा म्हटलं असतं तर त्यांनी तो बिनचूक शोधला होता. कारभारी माणूस, मधोमध बसणार.

हिशेब पूर्ण बंद खोलीचा असतो. इथे मागच्या भिंतीच्या उजव्या टोकाला बेडरूमकडे जाणारा बोळ आहे, बाल्कनीचं सरकतं दार आहे, त्यामुळे आकडे एखाद-दोन हर्ट्झ इकडेतिकडे होतात. पण आपल्याकडच्या इमारतींत हा हिशेब लाकडी सांगाड्याच्या परदेशी घरांपेक्षा जास्त चोख उतरतो. तिथल्या पातळ भिंती खालच्या सुरांना लवतात, थोडा बास पिऊन टाकतात, थोडा बाहेर सोडतात. आपली वीट, आरसीसी आणि व्हिट्रिफाइड टाइल सगळं परत फेकते. म्हणून टेंगळं उंच आणि खड्डे खोल. पडदे, गालिचे, आणि ते अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणं, याचा ३३ हर्ट्झवर काडीचाही परिणाम होत नाही. ती लाट ३४ फुटांची आहे. तिच्यापुढे पडदा म्हणजे हत्तीपुढे जाळी.

दुकानदाराच्या ३०० वॉटचं काय झालं असतं? खड्डा म्हणजे आवाजाची कमतरता नव्हे. तिथे पोचलेला आवाज भिंतीवरून परत आलेल्या आवाजाने पुसला जातोय. जास्त आवाज पाठवा, परत येणाराही तेवढाच वाढतो, पुसणंही तेवढंच. इक्यूने, म्हणजे ठरावीक सूर वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या सेटिंगने, तिथे १० डेसिबल चढवायचे म्हटले तर सबला दहापट पॉवर लागते, १०० ची १०००, आणि मधल्या जागेवर तरीही नाममात्र. ताईच्या जागेवर मात्र ५० चं टेंगूळ तेवढंच वर चढलं असतं. डोकेदुखीची गोळी दुकानदाराने कोटेशनमध्ये धरली नव्हती.

दाजी रांगतात

सोफा दोन फूट मागे घ्यायचा हे मी सहज बोलून गेलो. ताई बाहेर आली. "आणि जेवायचं कुठं?" रास्त प्रश्न होता. हॉल-डायनिंग एकत्र असलेल्या पुण्यातल्या फ्लॅटात दोन फूट म्हणजे राज्य द्यावं तसं. शेवटी टेबल मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्याला चिकटवलं, चौथी खुर्ची बाल्कनीत गेली आणि सोफा सरकला. कान आता साडेदहा फुटांवर. मध्यापासून दोनच फूट, पण ३३ हर्ट्झच्या लाटेचा दाब तिथे भिंतीजवळच्या दाबाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त असतो. शून्याच्या मानाने ती चैन आहे. मोजलं तर १५ चा खड्डा ६ वर आला होता. ढकलायला दोन माणसं आणि एक शिवी, एवढा खर्च.

सोफा थेट मागच्या भिंतीला लावला असता तर बास याहून किती तरी जास्त मिळाला असता. पण तिथे सगळेच सूर एकदम फुगतात, सराउंड कानाच्या मागे न राहता कानात येतात, आणि टीव्ही पंधरा-सोळा फुटांवर जातो. ताईला मालिका बघायच्या असतात.

आता सबची जागा. यासाठी जगभर चालणारी युक्ती उलटी आहे: सबला बसायच्या जागी ठेवायचं आणि आपण खोलीभर रांगत कान जमिनीजवळ नेऊन जिथे बास भरीव आणि सारखा वाटतो ती जागा शोधायची. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी खोली तोच निकाल देते. सब उचलून सोफ्याच्या मधल्या जागी ठेवला, बेसचा एक संथ चढता-उतरता तुकडा लावला, आणि सत्तरीकडे झुकलेले दाजी हातांवर-गुडघ्यांवर हॉलभर रांगू लागले. भाचा व्हिडिओ काढत होता. तो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि साताऱ्याहून दोन फोन आले, तब्येत बरी आहे ना म्हणून.

त्यांनी पसंत केला टीव्हीच्या भिंतीचा उजवा कोपरा. अपेक्षितच होतं. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून सबला कर्ण्यासारखी साथ देतात, आणि खोलीचा प्रत्येक सूर तिथून पुरेपूर हलतो. सब तिकडे नेऊन लावला. दाजी चेहऱ्यावर आनंद घेऊन बसले. ताईने अर्ध्या मिनिटात कानावर हात ठेवले. तिच्या जागेवर ५० चं टेंगूळ आता ७ चं ११ झालं होतं.

हा पेच रुंदीचा होता. मधल्या जागेवर ५१ चा सूर नाहीच, बाजूच्या जागांवर तो वारेमाप. दोघांना सारखं मिळायचं तर तो सूर खोलीत उठूच द्यायचा नाही, आणि त्याला न उठवण्याची जागा एकच, रुंदीचा मध्य. परातीच्या बरोबर मध्यावर पाण्याला वर-खाली केलं की ते एका कडेकडून दुसऱ्या कडेला हेलकावत नाही. टीव्हीच्या भिंतीचा मध्य युनिटने अडवलेला. उरला सोफ्याच्या पाठीमागचा मध्य, टेबल सरकल्यामुळे नुकताच मोकळा झालेला.

सब सोफ्यामागे, पाठीपासून वीतभर अंतरावर, कोन सोफ्याकडे. पुढे कोपऱ्यात असताना त्याला सगळी खोली भरावी लागत होती, इथे ऐकणारी माणसं त्याच्यापासून दोन-अडीच फुटांवर. सबच्या आवाजाचं बटण आधीपेक्षा बरंच खाली आणूनही सोफ्यावर जास्त मिळत होतं. आणि सोफ्याची चौकट हलू लागली. दाजींनी मांडीवर हात ठेवला, काही बोलले नाहीत, प्रसंग संपेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, हे ते."

२५ फुटी सब केबल आणि जमिनीलगत लावायची केसिंग पट्टी, एवढीच त्या दिवसाची खरेदी.

जागा बदलली की आधीचं कॅलिब्रेशन रद्द. रिसिव्हरचा माइक कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या गादीवर टाकून नव्हे, आणि कुकर बंद करून पुन्हा सगळं मोजून घेतलं. दोन गोष्टी झाल्या. रिसिव्हरने पुढच्यांना परत लार्ज केलं, ते हाताने स्मॉल करावं लागलं. आणि टेपने अडीच फूट भरणाऱ्या सबचं अंतर त्याने सात फूट दाखवलं. दाजी ते दुरुस्त करायला गेले, मी हात धरला. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला उशीर होतो, रिसिव्हर तो उशीर फुटांत मोजतो. तो आकडा बरोबरच आहे. सबची पातळी मात्र शेवटी मोजणीपेक्षा ४ डेसिबल वर नेली. नियमाला धरून नाही, पण घर त्यांचं आहे.

पैसे खर्चच करायचे असतील तर एक मोठा सब घेण्यापेक्षा याच मॉडेलचा दुसरा घ्या, असं दाजींना लिहून दिलं. हार्मन या ऑडिओ कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये किती सब पुरेत या प्रश्नाचा रीतसर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक चांगला कमी होतो. आणि दोन सारखे सब एकाच जागी साथीत वाजले तर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे ३०० वॉटच्या हिशेबापेक्षा जास्तच. दाजींनी कागद घडी करून कोटेशनच्याच चुंबकाखाली ठेवला. कोटेशन खाली, माझा कागद वर.

खालचे काका

सगळं इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे काका वर आले. तक्रार म्हणून नाही, विचारायला. "तुमच्याकडे रात्री काही आपटतं का?"

आधी दणक्याच्या शोधात दाजी सगळाच आवाज चढवायचे, तेव्हा काकांना संवादसुद्धा ऐकू यायचे. आता एकूण आवाज खाली आला होता, संवाद बंद, पण धप्प धप्प खाली पोचत होतं. खालचे सूर स्लॅबला जुमानत नाहीत. सब आणि टाइल यांच्यामध्ये जाड फोमचा पाट घातला. त्याने सबच्या पायांतून थेट जमिनीत जाणारी थरथर कमी झाली, शोकेसही गप्प झालं, पण हवेतून स्लॅबला जाऊन भिडणारं त्याने थांबत नाही. ते थांबवण्याची वस्तू बाजारात मिळत नाही, तिला वेगळं घर म्हणतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर डेसिबल मोजून "मर्यादेत आहे" असा निर्वाळा दिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे खरी, पण ती ए-भारित मापात आहे. हे माप ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबल कमी धरतं. म्हणजे मीटर निर्दोष ठरवतो आणि काकांची झोप मोडते, दोन्ही एकाच वेळी. मी सेक्रेटरींच्या बाजूने बोललो नाही.

रात्री सब खाली घ्यायचा तर दुसरी अडचण. कान खालच्या सुरांना मुळातच मंद, आणि आवाज जितका हळू तितका जास्त मंद. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या प्रमाणित वक्रांनुसार ४० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच ५१ डेसिबल लागतात, २० हर्ट्झला ७८. म्हणून रात्री आवाज निम्मा केला की संवाद निम्मे होतात आणि बास नाहीसाच होतो. रिसिव्हरमध्ये यासाठी आवाजाच्या पातळीनुसार बास आपोआप सावरणारी सोय असते, ती चालू केली. स्फोट दाबून कुजबुज उचलणारा नाइट मोड रात्री दहानंतर. आणि सब सोफ्याला चिकटून असल्याचा फायदा इथे पुन्हा मिळाला: पातळी ६ डेसिबल उतरवूनही सोफ्याची चौकट थोडी हलते, तेवढ्यावर दाजींचं भागतं.

मग एका शनिवारी काकांना त्यांच्याच बेडरूममध्ये बसवलं, दाजी फोनवर, मी सबमागे. "आता?" "येतंय." "आता?" "थोडं." "आता?" "आता नाही, पण पंखा बंद केला तर येईल बहुतेक." त्या जागेवर ताईने सबच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. दुपारचा ठिपका त्याच्या वर, गुलाबी.

३३ हर्ट्झला अजून ६ डेसिबल कमीच आहेत. दुसऱ्या सबसाठी टीव्ही युनिटचा मधला कप्पा काढावा लागेल, त्यात ताईची दिवाणखान्यात मांडायची पितळी भांडी आहेत. बोलणी चालू आहेत.